दुरियान, दोदोल आणि कढईजवळची माणसं

गोव्यात नाताळ जवळ आला की घराघरांत दोदोल घाटायला घेतात. तांदळाचं पीठ, नारळाचा दाट रस आणि माडाचा काळा गूळ, एवढंच साहित्य. पण ते एकदा कढईत पडलं की हात थांबवायचा नाही, नाहीतर तळाला लागलंच म्हणून समजा. कडेने तेल सुटेपर्यंत घाटत राहायचं. आम्ही बेळगावकडच्या, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. त्यामुळे हा काळाभोर, लुसलुशीत पदार्थ आमच्यापैकी अनेकींच्या ओळखीचा. सगळ्या त्याला गोव्याचाच म्हणतात. पण हेच नाव आणि जवळजवळ हीच कृती श्रीलंकेत आहे, मलेशियात आहे, इंडोनेशियात आहे. तिकडेही दोदोलच म्हणतात. आणि तिकडे त्याचा एक प्रकार असा होतो, जो गोव्यात होत नाही. तो म्हणजे दुरियानचा दोदोल.

दुरियान म्हणजे आपल्या मोठ्या शहरांतल्या दुकानांत ‘ड्युरियन’ अशी पाटी लावून ठेवतात ते फळ. मलाय भाषेत दुरी म्हणजे काटा, म्हणून काटेरी तो दुरियान. दिसायला फणसाचा धाकटा भाऊ वाटेल, पण काटे फणसासारखे बोथट नसतात, हातात रुततात. आत साधारण पाच कप्पे, त्यांत पिवळट मऊ गर आणि गराच्या पोटात आठळ्या. वजन एक ते तीन किलो. नात्याने मात्र फणसाशी काही संबंध नाही बरं का. फणस वड, पिंपळ, उंबराच्या कुळातला, तर दुरियान कापूस, भेंडी आणि सावरीच्या कुळातला. मूळ घर बोर्नियो आणि सुमात्रा.

या फळाची पहिली ओळख वासाने होते. गंधकाच्या संयुगांमुळे तो इतका उग्र असतो की सिंगापूरच्या मेट्रो गाड्यांतून दुरियान न्यायला मनाई आहे आणि तिकडच्या कितीतरी हॉटेलांत फुली मारलेलं त्याचं चित्र लावलेलं असतं. चव मात्र सायीसारखी. शंभर ग्रॅम गरात पाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. आंब्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नसतो. दुधाचा थेंब न घालता खव्यासारखं लागणारं हे फळ आहे, हे लक्षात ठेवा. त्याच्या मिठाया समजायला ते उपयोगी पडतं.

मी या मिठायांचा इतिहास शोधायला बसले, तेव्हा हाताला लागली ती सगळी फळाचीच वर्णनं. लिहिणारे सगळे पुरुष आणि सगळे पाहुणे. जहाजातून उतरले, फळ पाहिलं, नाक दाबलं, खाल्लं, चकित झाले आणि लिहून पुढे गेले. त्यांची पुस्तकं मोलाची आहेत, नाही कशाला म्हणू? पण मिठाई होते ती पाहुणा गेल्यावर, आणि ती करणारं माणूस त्या पुस्तकांत जवळपास नाहीच.

पंधराव्या शतकातला मा हुआन घ्या. चीनचा दर्यासारंग झंग हे याच्या आरमाराबरोबर दुभाषा म्हणून तो फिरला. कोचीन आणि कालिकत या आपल्या बंदरांचंही त्याने वर्णन केलंय. सुमात्रामधल्या या फळाबद्दल तो लिहितो की काटेरी साल चीनमधल्या ‘कोंबडीच्या डोक्या’सारखी दिसते. हे कोंबडीचं डोकं म्हणजे आपल्या मखान्याचं काटेरी फळ! वास सडक्या मांसासारखा, पण आतला गर फार गोड, आणि बिया भाजून-तळून खाल्ल्या तर चेस्टनटसारख्या लागतात, असंही तो नोंदवतो. वाचताना मला बरं वाटलं. आठळ्या टाकून द्यायच्या नसतात, हे त्याला कुणीतरी दाखवलं असणार. कुणी दाखवलं, ते मात्र पुस्तकात नाही.

त्याच काळात निकोलो दे कोंती हा व्हेनिसचा व्यापारी हिंडत होता. विजयनगरही त्याने पाहिलं होतं. परत गेल्यावर त्याची हकीकत पोपच्या एका चिटणिसाने लिहून घेतली. त्यात सुमात्रातला दुरियान आहे, त्याची हिरवी साल आहे, आतले पाच भाग आहेत आणि चीजशी तुलना केलेली चवही आहे. या प्रवासात कोंतीची बायको आणि मुलं त्याच्याबरोबर होती. परतताना इजिप्तमध्ये रोगाच्या साथीत ती बायको आणि दोन मुलं गेली. इतकी वर्षं परक्या बंदरांत चूल मांडणाऱ्या त्या बाईने काय शिजवलं, शेजारणींकडून काय शिकली, हे त्या चिटणिसाच्या लिखाणात आलेलं नाही.

मग येतं आपल्या दारातलं पुस्तक. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथेच राहिला. १५६३ साली त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यात एक संवाद दुरियानवर आहे. मलाक्काहून आलेल्या माणसांकडून ऐकलेली एक गोष्ट तो सांगतो: एक व्यापारी मालाने भरलेलं गलबत घेऊन मलाक्काला गेला, दुरियानची चटक लागली, आणि सगळा माल त्याने त्या फळापायी खाऊन संपवला. गोष्ट मजेची आहे. पण माझं लक्ष गेलं ते आंतोनियाकडे. ओर्ताच्या घरातली ही दासी ग्रंथात मधून मधून येते. ‘अमुक घेऊन ये’ असं मालक म्हणतो, ती ते आणते आणि दोन विद्वानांची चर्चा पुढे चालू राहते. चार शतकांहून जास्त वर्षं ती अशी वस्तू आणून देत उभी आहे.

ओर्तानंतर वीस वर्षांनी लिन्सखोतेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. १५९६ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात विड्याच्या पानाचं आणि दुरियानचं हाडवैर सांगितलंय. ढिगाशेजारी पानं ठेवली तर दुरियान नासतात, आणि फळ जास्त झालं तर पान खाल्ल्याने पचतं, अशी ती समजूत. पुढे १८६९ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने बोर्नियोतल्या दुरियानची इतकी तारीफ लिहिली की आजही जो तो तीच उचलतो. पण वॉलेसने एक गोष्ट वेगळी केली. पीक अमाप आलं की तिथले लोक गर मिठात घालून बरण्यांत आणि बांबूच्या नळ्यांत भरून ठेवतात आणि वर्षभर भाताबरोबर खातात, हे त्याने टिपलं. पाहुण्यांपैकी निदान एकाने तरी घरात डोकावून बघितलं म्हणायचं.

आता घरात काय चालायचं ते पाहू. दुरियान झाडावर पिकला की आपोआप पडतो, आणि बहुतेक रात्रीच. हंगामात मालक बागेत खोपट बांधून राहतात, पडल्याचा आवाज ऐकतात आणि उजाडताच फळं गोळा करतात. मलाय भाषेत अचानक नशीब उघडलं तर ‘पडलेला दुरियान मिळाला’ म्हणतात. आपण घबाड म्हणतो ना, तेच. पण घबाडाला मुदत असते. पडलेलं फळ दोन-चार दिवसांतच उतरतं, गर आंबतो. मलाय द्वीपकल्पात मुख्य हंगाम साधारण जून ते ऑगस्ट. म्हणजे झाडं एका मागोमाग ओतत राहणार, घरातली पोटं भरणार, शेजाऱ्यांकडेही तेच पडलेलं असणार. मग त्या ढिगाचं करायचं काय?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जैन घरातल्या सुनेला तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक जिन्नसाची मर्यादा शिकवतात. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. किती दिवस टिकणार, हे धरूनच आमचा स्वयंपाक चालतो. म्हणून मला त्या सुमात्रातल्या बायकांची घाई लगेच कळली. कोकणात फणस उतू जाऊ लागला की रस आटवून उन्हात साठं घालतात. तिकडे पावसापाण्याच्या, दमट हवेत उन्हावर भरवसा ठेवून चालत नाही. मग राहते चूल.

चुलीवर तीन वाटा निघाल्या. पहिली लेंपुकची. गर आणि साखर, फार तर चिमूटभर मीठ. मोठ्या कढईत तासन् तास घाटायचं. पाणी उडतं, साखर मुरते, रंग गर्द होतो, गोळा कडा सोडतो. पाणी कमी आणि साखर जास्त झाली की बुरशीला वाव राहत नाही. आपल्या आंब्याच्या माव्यामागेही हीच युक्ती. आटताना उग्र वासही पुष्कळ मवाळ होतो. सुमात्रातलं बेंगकुलू, बोर्नियोतलं पोंतियानाक ही लेंपुकची नावाजलेली गावं. बेंगकुलूकडे पूर्वी हे गोळे सुपारीच्या झाडाच्या वाळक्या विरीत गुंडाळून ठेवत. थायलंडमध्येही असाच आटवलेला दुरियान लांब वळकट्या करून विकतात, त्याला तुरियन कुआन म्हणतात. माझ्या भाचीने सिंगापूरहून लेंपुकची एक वळकटी आणली होती. अंडं नाही ना, हे बघायला मी आधी वेष्टन वाचलं. दोनच शब्द होते, दुरियान आणि साखर. चव आपल्या फणसपोळीच्या गावची, पण लोण्यात घोळलेली.

दुसरी वाट दोदोलची. त्यात शिजल्यावर चिकट होणाऱ्या तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गुळाबरोबर दुरियानचा गर पडतो. तिकडच्या या ताडामाडाच्या गुळाला मलाक्काच्या नावाने गुला मेलाका म्हणतात. दोदोल करायचा ईदेच्या तोंडावर, आणि एकटीने करायचाच नाही. अंगणात मोठी चूल, तिच्यावर ‘कावाह’ नावाची अवाढव्य कढई, वल्ह्यासारखा कालथा आणि पाच-सहा तास किंवा जास्तच घाटणं. आळीपाळीने हात बदलतात. शेवटी मिश्रण जड होतं तेव्हा पुरुषमाणसंही पुढे होतात. आमच्या भागात शेतीच्या कामाला सावड घालतात, तशीच ही कढईची सावड. झालेला दोदोल घरोघरी वाटला जातो.

तिसरी वाट मिठाची, वॉलेसने पाहिलेली. गरात मीठ घालून बंद भांड्यात आंबवलेला तेंपोयाक. तो मिरची-मासळीच्या कालवणात जातो. आंबवलेलं न खाणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण बघा, एकाच ढिगातून गोड, सणाचं आणि तोंडीलावणं अशी वर्षाची सोय झाली.

यांशिवाय हंगामातच खायचे पदार्थ वेगळे. नारळाच्या रसात गूळ आणि दुरियान उकळून केलेला सेरावा, सोबत चिकट भात. थायलंडमध्येही तसाच गोड केलेला चिकट भात आणि वर दुरियान. हिरव्या मुगाची नारळरस घातलेली खीर करतात, तिच्यातही हा गर सोडतात. ती कृती वाचून मला गोव्याचं मणगणं आठवलं. तिथे हरभऱ्याची डाळ, इथे मूग; नारळ आणि गूळ मात्र तेच. खाऊन झाल्यावर मँगोस्टीन खायचं, कारण दुरियान उष्ण आणि मँगोस्टीन थंड, असं तिकडच्या म्हाताऱ्या सांगतात. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. जड खाल्ल्यावर सोलकढी पाजणारी आपली कोकणी आजी आणि तिकडची आजी एकाच शाळेत शिकल्या की काय, असं वाटतं.

आता गोव्याकडे परत येऊ. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. १६४१ साली डचांनी मलाक्का जिंकेपर्यंत, म्हणजे १३० वर्षं, दोन्ही बंदरं एकाच सत्तेखाली होती आणि त्या सत्तेची राजधानी गोवा होती. जहाजांबरोबर शिपाई, व्यापारी, पाद्री यायचे-जायचे; तसेच त्यांच्या घरातल्या बायका, दासी, स्वयंपाकीणीही. दोदोल हा शब्द पोर्तुगीज नव्हे, मलाय मुलखातला. राज्यकर्त्यांची भाषा ओलांडून एक शब्द आणि एक कृती जशीच्या तशी दुसऱ्या किनाऱ्यावर नांदते, तेव्हा ती कुणाच्या तरी हातांनीच आलेली असते. कृती आली, पण दुरियान आला नाही. जे फळ चार दिवस टिकत नाही, ते गलबतातून कसं यावं? गोव्यात तांदूळ, माड आणि गूळ घरचे होते, म्हणून तेवढा दोदोल इथे रुजला.

आपल्या देशात दुरियानची झाडं आहेत, नाही असं नाही. निलगिरीच्या उतारावर कल्लार आणि बर्लियार इथल्या सरकारी बागांत ती आहेत. पण तिथे या फळाच्या मिठाया झाल्या नाहीत. मूल होत नसेल तर दुरियान खावा, अशी समजूत तिकडे पसरली आहे आणि म्हणून थोडक्या फळांवर उड्या पडतात, भाव चढतात. इतर देशांत जे फळ अंगणात पडून पोरांच्या हाती लागतं, ते इथे एखादी बाई लोकांची बोलणी खाऊन, आशेने, औषध म्हणून गिळते. मला हा फरक फार बोलका वाटतो. मिठाई भरपूरपणातून जन्मते. जिथे ढीग असतो, वाटून खायला शेजार असतो, तिथेच कढई चढते.

गेल्या काही वर्षांत त्या भरपूरपणाचंच रूप पालटलंय. मलेशियाचा ‘मुसांग किंग’ हा वाण १९९३ साली सरकारदरबारी नोंदला गेला आणि आज तो सोन्यासारखा विकतो. सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन. मलेशियातून तिकडे २०११ पासून गोठवलेला गर, २०१९ पासून अख्खं गोठवलेलं फळ आणि २०२४ पासून ताजं फळ जाऊ लागलं. शीतपेटीने हंगामाची भिंत पाडली. त्यामुळे नव्या मिठाया आल्या. मेदानचं दुरियान पॅनकेक, आइस्क्रीम, चिनी सणाचे मूनकेक, फिलिपाइन्सच्या दावाओ शहरातल्या दुधाच्या वड्या. त्यांतल्या पुष्कळांत अंडं असतं, तेव्हा आपल्या बायकांनी विचारूनच घ्यावं. आणि लेंपुक, दोदोल? उतू गेलेलं फळ कढईत घालायचं, तर आता फळ उतूच जात नाही. चांगलं फळ सरळ परदेशी जातं. घाटायला यंत्रं आली आहेत. मनगटं सुटली, हे उत्तमच झालं. सहा तास आगीपुढे उभं राहण्यात कसलं कौतुक? पण यंत्राला गोळा कडा सोडतो ती खूण कुणी शिकवली, हा प्रश्न उरतोच.

मलाय लोकांत काकडी आणि दुरियानची म्हण आहे. काकडी दुरियानवर पडो की दुरियान काकडीवर, चिरते ती काकडीच. दुबळ्यांसाठी म्हणतात तसं. इतिहासाच्या पुस्तकांत कढईजवळच्या बाईचं असंच काहीसं झालं. खाणाऱ्याचं नाव राहिलं, फळाचं राहिलं, भाव राहिला. घाटणारी ‘एक दासी’ किंवा ‘तिथले लोक’ एवढ्यातच संपली.

आपल्या घरांत तरी हे वेगळं आहे का? माझ्याकडे आजीच्या हातच्या हुग्गीची कृती आहे, गहू किती नि गूळ किती. पण तिला ती कुणी शिकवली, कुठल्या गावाहून आली, लग्नात चाळीस पानांची हुग्गी ढवळायला कोण कोण उभं राहायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. विचारायला आता ती पिढीही नाही. म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा. वहीत कृती लिहाल तेव्हा वर नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा, कढई कुणाच्या घरची होती आणि हात कुणी कुणी लावला तेही लिहा. दोदोल लिहिलंत तर शेजारच्या गोव्याच्या बाईंचं नाव घाला. शाई फार लागत नाही, चार ओळी पुरतात.